चार ओळी बुडावर मावत नाहीत

प्रश्न : बावीस वर्षं शेजारी राहिलेली माझी मैत्रीण साडेतीन आठवड्यांनी मुलाकडे नागपूरला कायमची राहायला जातेय. पॉटरीच्या क्लासमध्ये मी तिच्यासाठी चाकावर स्टोनवेअरचा, म्हणजे जास्त आचेवर भाजल्या जाणाऱ्या मातीचा, वाडगा केलाय. अजून कच्चाच आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय. त्यावर तिच्यासाठी चार ओळी कोरायच्यात. पण काठ जरा वाकडा झालाय, कोरताना उरलंसुरलंही बिघडेल अशी धास्ती वाटते. आणि निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर दिला तर ती अवघडेल का?

उत्तर : कोराच, पण बुडाच्या खालच्या बाजूला, आणि लगेच कोरा. नखाने खूण उमटते पण बोट रुतत नाही, अशी लेदर-हार्ड माती एक-दोन दिवसच मिळते. याहून ओली असेल तर रेघेच्या दोन्ही बाजूंना माती वर येते. पांढरट पडली की कपचे उडतात.

चार ओळी मात्र नकोत. बुडाच्या कड्याच्या आत 7 सेंटिमीटर जागा असेल, तर स्टोनवेअर सुकून आणि भाजून मिळून साधारण 10 ते 12 टक्के आटतं, म्हणजे हाती सव्वासहा उरतात. तिचं नाव, साल आणि दोन-तीन शब्द, एवढंच नीट बसेल. अक्षर आता किमान 1 सेंटिमीटर उंच ठेवा. आपल्या लिपीत व, ब, म यांच्या पोटातला मातीचा ठिपका फार लहान राहिला तर निखळतो. शिरोरेघ सलग खोल ओढू नका. सरळ चरातूनच तडा धावतो. अक्षरागणिक ती तोडा. बूड 6-7 मिलिमीटर जाड असेल तर 1 मिलिमीटर खोली पुरे.

मजकूर आधी कागदावर त्याच मापाने लिहा. वाडगा स्पंजवर पालथा ठेवा, बुडावर पातळ क्लिंग फिल्म ताणा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने तिच्यावरून लिहा. कडा गोलसर येतात, बोटाला टोचत नाहीत. सुईसारखं टोकदार हत्यार माती नांगरतं. तरीही कुसं राहिली तर ओली असताना बोटाने पुसू नका, अक्षरात जाऊन बसतात. पूर्ण सुकल्यावर ओलसर स्पंजने टिपा. फुंकर नको, त्या धुळीत फुप्फुसांना घातक सिलिका असते.

काठाला आता हात लावू नका. मातीला आठवण असते. आज दाबून सरळ केलेला काठ भट्टीत पुन्हा वाकतो, शिवाय चीरही जाऊ शकते. तुमच्या हाताचा काठ आहे, राहू दे.

मग वर्तमानपत्र झाकून आठवडाभर सावकाश सुकू द्या. पंख्याखाली घाई केली की काठ आधी आटतो, बूड मागे राहतं आणि तडकतं. पुढे बिस्क (पहिली, कोरी भाजणी) आणि ग्लेझ (काचेसारखा लेप लावून दुसरी) अशा दोन भाजण्या आहेत, म्हणून क्लासमध्ये भट्टीच्या तारखा आजच विचारा. बिस्क झाल्यावर पाण्यात पातळ कालवलेलं लाल आयर्न ऑक्साइड अक्षरांवर फिरवा आणि ओल्या स्पंजने पुसा. चरांमध्ये गडद रंग उरेल. बुडाला ग्लेझ नको, नाहीतर अक्षरं भरतात आणि वाडगा भट्टीच्या फळीला चिकटतो. भाजल्यानंतर साध्या मार्करने लिहिण्याचा मोह टाळा, धुता धुता पुसलं जातं. ग्लेझ टिकतं का ते पाहायला त्याच मातीच्या वेगळ्या तुकड्यावर नाव कोरून, तेच ग्लेझ लावून वाडग्याबरोबर भाजा. नंतर त्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. रंग उतरला तर वाडगा खाण्यासाठी वापरू नये, हे तिला स्पष्ट सांगा.

राहिल्या तुमच्या चार ओळी. जपानमध्ये कुंभार आपल्या भांड्याचं नाव आणि स्वतःची सही लाकडी पेटीवर लिहितात. त्या पेटीला तोमोबाको म्हणतात. तुम्हीही साधी पेटी घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मनसोक्त लिहा. तिथे आटणं नाही, तडा नाही.

कार्यक्रमात देऊ नका. चारचौघांत ती कौतुक ऐकेल, बूड उलटून वाचणार नाही. आदल्या दिवशी दुपारी तिच्या स्वयंपाकघरात द्या. आणि रिकामा देऊ नका. संक्रांतीचं सुगडसुद्धा आपण भरूनच देतो. ग्लेझ लिंबाला टिकलं असेल तर तिच्या आवडीचे लाडू घाला, नाहीतर न सोललेल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे. पेटी सामानाच्या ट्रकमध्ये जाणार नाही, तिच्या हातातल्या पिशवीत जाईल, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या.