थोरलं अडीच वर्षांचं, धाकटं पाच महिन्यांचं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: थोरला अडीच वर्षांचा आहे, धाकटी चार महिन्यांची. तिला अंगावर पाजायला बसले की नेमका तेव्हाच तो तिचा पाय ओढतो, गालाला चिमटा काढतो. रागावले की अजूनच करतो. काय करावं?

उत्तर: पाजताना तुमचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि तुम्ही उठू शकत नाही, हे त्याला पक्कं कळलेलं आहे. शिवाय चिमटा काढल्यावर आई लगेच आपल्याकडे बघते. ती रागावून बघते की हसून, याला या वयात फारसं महत्त्व नाही. म्हणून खरं काम पाजायला बसण्याआधीच्या पाच मिनिटांत करायचं. त्याला शू करवून आणा. पाण्याची बाटली आणि खाऊची डबी त्याच्या हाताला येईल अशी ठेवा. एक खोका फक्त पाजण्याच्या वेळेसाठी राखून ठेवा: जाड पुठ्ठ्याची दोन पुस्तकं, मोठे ठोकळे, खडू आणि कागद, बस्स. पाजून झालं की खोका वर ठेवायचा. तो दिवसभर खाली राहिला तर तीन दिवसांत त्याचं अप्रूप संपतं आणि मग ‘खोका करून पाहिला, उपयोग झाला नाही’ असं वाटतं. दर तीन-चार दिवसांनी त्यातली एखादी वस्तू बदला.

बसण्याची पद्धतही बदलून पाहा. बाळाला मांडीवर आडवं घेतलं की तिचे पाय नेमके थोरल्याच्या पुढ्यात येतात. त्याऐवजी तिला बगलेत धरून पाजा. उजव्या बाजूला पाजत असाल तर तिचं अंग उजव्या बगलेखाली, पाय तुमच्या पाठीच्या दिशेला, मानेखाली तुमचा तळहात आणि खाली आधाराला उशी. मांडी आणि डावा हात मोकळा राहतो. थोरला डावीकडे बसतो आणि पुस्तकाची पानं तुम्ही उलटता. सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात.

तरीही हात उगारलाच, तर मनगट धरा आणि एकच छोटं वाक्य म्हणा: ‘मारू देणार नाही.’ लगेच तो हात कुठे ठेवायचा तेही दाखवा. ‘हळू’ या शब्दावरून त्याला काहीच करून दाखवता येत नाही. त्याचा तळहात उघडा करून बाळाच्या तळपायावर टाचेपासून बोटांपर्यंत फिरवून दाखवा. डोकं आणि चेहरा मात्र त्याच्यासाठी नाहीच.

आणखी एक. दिवसभरात ‘बाळ झोपलंय, आवाज करू नकोस’ हे त्याला किती वेळा ऐकावं लागतं, ते मोजून पाहा. मग कधीतरी त्याच्या देखत बाळाला सांगा, ‘थांब हं जरा, आधी दादाचं बटण लावते.’ बाळाला अर्धा मिनिट थांबल्याने काही होत नाही. पण थोरल्याला त्या वाक्याची फार गरज असते.

दोघांना खोलीत एकटं सोडू नका, दार उघडायला जातानासुद्धा. यात त्याच्या रागापेक्षा मायेची भीती जास्त आहे: बाळाला थंडी वाजेल म्हणून तो दुपटं थेट तोंडावर ओढतो.

प्रश्न: दोघांची दुपारची झोप एकाच वेळी कशी आणावी?

उत्तर: थोरल्याची वेळ कायम ठेवा, धाकट्याची सरकवा. चार-पाच महिन्यांचं बाळ एका वेळी साधारण दीड ते दोन तास जागं राहतं, तर अडीच वर्षांचं मूल पाच-सहा तास. थोरला १ वाजता झोपत असेल तर बाळाची आधीची डुलकी ११च्या सुमाराला संपायला हवी. लांबत असेल तर हळूच उठवा. एकदम तासाभराने नको, रोज १५ मिनिटांनी सरकवा. आधी बाळाला निजवा, मग थोरल्याजवळ पडा. बाळ डोळे चोळून रडायला लागेपर्यंत थांबलात तर दोघंही हातातून जातात. बाळाची जागा वेगळी हवी: सपाट, घट्ट गादी, उशी नाही, बाळ पाठीवर. थोरल्याच्या शेजारी एकाच अंथरुणात नको, तो झोपेत कुठेही लोळतो.

प्रश्न: थोरलीचं तापाचं औषध धाकट्याला कमी करून दिलं तर चालतं का?

उत्तर: नाही. पॅरासिटामॉलच्या तान्ह्या बाळांच्या थेंबांमध्ये अनेकदा १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये मात्र ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे थेंबांचं औषध कितीतरी तीव्र आहे. सिरपच्या सवयीने ५ मिलीचा चमचा थेंबांच्या बाटलीतून भरला, तर ५०० मिलिग्रॅम औषध पोटात जातं, मोठ्या माणसाच्या एका गोळीइतकं. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. डॉक्टरांकडून ती मिलीमध्ये लिहून घ्या आणि पट्टी चिकटवून प्रत्येक बाटलीवर मुलाचं नाव, वजन आणि मात्रा लिहा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत घालू नका. दिल्याची वेळ फ्रिजवरच्या कागदावर मांडा, कारण आईने दिलेलं माहीत नसल्याने बाबाने अर्ध्या तासात पुन्हा देणं ही नेहमीची चूक आहे.

बाळ तीन महिन्यांहून लहान असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल, तर घरी औषध देत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: थोरल्याची बारीक खेळणी रांगत्या बाळापासून कशी लांब ठेवायची?

उत्तर: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती जमिनीवर नको. तसे खेळ थोरल्याने टेबलावर किंवा बाळाला ओलांडता न येणाऱ्या कठड्याच्या आत खेळावेत. बटणासारख्या चपट्या बॅटरीचं खेळणं असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद होतं का, ते आजच बघा. अशी बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली, तरी मूल हसतं-खेळतं दिसतंय म्हणून वाट पाहू नका. अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा आणि तसलीच दुसरी बॅटरी किंवा तिचं पाकीट असेल तर बरोबर न्या.