ठिणगीच्या आधीची वर्षे

प्रश्न : अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कामावरून दमून निघालेल्या रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला आणि आंदोलन पेटले, असे आपण वाचतो. मोठी आंदोलने खरोखरच अशी एका क्षणात उभी राहतात का?

उत्तर : नकार खरा आहे आणि १ डिसेंबर १९५५ ची अटकही खरी आहे, परंतु दमलेल्या, साध्याभोळ्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे चित्र पार्क्स यांच्यावर अन्याय करणारे आहे, असे मला वाटते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे चिटणीसपद त्यांनी १९४३ मध्येच स्वीकारले होते, आणि अटकेच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या टेनेसी राज्यातील हायलँडर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्या दिवशी शरीर थकले नव्हते, सतत नमते घेण्याचा वीट आला होता, असे त्यांनीच पुढे आत्मचरित्रात स्पष्ट केले.

बहिष्काराचा विचारही त्या संध्याकाळी सुचलेला नव्हता. जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने आपल्या महिला संघटनेच्या वतीने मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून बसबहिष्काराची शक्यता कळवली होती. मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीलाही जागा न सोडल्याबद्दल अटक झाली, पण तिच्या प्रकरणावर आंदोलन उभारू नये, असे नेत्यांनी ठरवले. म्हणूनच पार्क्स यांच्या अटकेची बातमी कळताच रॉबिन्सन यांनी महाविद्यालयाच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर रातोरात हजारो पत्रके काढली, आणि सोमवारी, ५ डिसेंबरला, बस जवळजवळ रिकाम्या धावल्या.

खरी कसोटी मात्र त्यानंतरच्या ३८१ दिवसांची होती, आणि या लढ्यातील सर्वांत शिकण्यासारखा भाग मला तोच वाटतो. हजारो माणसांना रोज कामावर पोहोचवायचे कसे? आरंभी कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटमध्ये, माणसे नेली. शहराने किमान भाड्याचा नियम बजावताच खासगी मोटारींची व्यवस्था उभी करावी लागली. तिची पद्धत मार्टिन ल्यूथर किंग यांनी लुईझियानातील बॅटन रूज येथे १९५३ मध्ये असाच बहिष्कार चालवलेल्या टी. जे. जेमिसन यांच्याकडून समजून घेतली. पुढे मोटारींचे विमे रद्द झाले, तेव्हा ते थेट लंडनहून मिळवण्यात आले. सुरुवातीच्या मागण्या तर आज वाचताना आश्चर्य वाटावे इतक्या मवाळ होत्या : चालकांनी सभ्यपणे वागावे, जो आधी येईल त्याला आधी जागा मिळावी, परंतु कृष्णवर्णीयांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून बसत यावे. शहराने तेवढेही नाकारले, आणि मग वर्णविभाजनाचा कायदाच न्यायालयात आव्हानित झाला. त्या खटल्यातील चार स्त्रियांमध्ये कोल्विन होती, पार्क्स नव्हत्या. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी स्थानिक न्यायालयात मोटार व्यवस्थेवर बंदी घालण्याची सुनावणी सुरू असतानाच सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवल्याची बातमी आली.

प्रश्न : पण शासन गोळ्या झाडण्याच्या तयारीत असेल, तर अशा संघटनेचा काय उपयोग?

उत्तर : पूर्व जर्मनीतील लाइपझिग शहराचे उदाहरण पाहावे. तेथील निकोलाई चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांतीप्रार्थना होत असे, त्यामुळे कोणी हाक न देताही लोकांना दिवस, वेळ आणि जागा ठाऊक होती. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी शहरात सशस्त्र दले तैनात होती, आणि अवघ्या चार महिन्यांपूर्वी बीजिंगमध्ये झालेल्या हत्याकांडाचे समर्थन पूर्व जर्मन सरकारने उघडपणे केले होते. तरीही सुमारे ७० हजार लोक हिंसा न करता शहराच्या वर्तुळमार्गावरून चालले. वाद्यवृंद-संचालक कुर्ट मासुर, दोन अन्य नागरिक आणि सत्ताधारी पक्षाचेच तीन स्थानिक चिटणीस यांनी मिळून केलेले शांततेचे आवाहन ध्वनिवर्धकांवरून ऐकवले गेले. गोळी सुटली नाही, आणि बरोबर महिन्याने बर्लिनची भिंत उघडली. ९ ऑक्टोबरच्या त्या रात्री बर्लिनहून स्पष्ट आदेश येत नव्हता आणि सोव्हिएत सैन्य आपल्या छावण्यांतच थांबले होते, हेही तितकेच खरे आहे. या दोन गोष्टी चालणाऱ्यांच्या हातात नव्हत्या, आणि घरातून निघताना त्यांना त्या ठाऊकही नव्हत्या.