जुन्या गाडीच्या क्रोम पट्टीवर लाल ठिपके आणि बॅजवर पांढरे फोड आलेत. वास्कोत समुद्राजवळ राहतो. लाद्यांच्या ॲसिडने निघतील का?

नाही. ॲसिड गाडीच्या जवळपासही आणू नका.

समुद्र जवळ म्हणून तुम्ही खाऱ्या वाऱ्याला दोष देताय. आमच्या घरातही कित्येक वर्षं हाच वाद चालू आहे, म्हणून लिहायला बसलो. आमची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. घर मोरजीला, समुद्राची गाज अंगणात ऐकू येते. मी तारवटी, इंजिनरूमचा माणूस, वर्षातले बरेच महिने बोटीवर. अशाच एका चवथीला मी नसताना आमचे भावोजी साफसफाईला लागले. न्हाणीघराच्या लाद्या झाल्या आणि उरलेलं ॲसिड त्यांनी फियाटच्या बंपरला नि पुढच्या बॅजला फासलं. सगळं चकाचक! मला कौतुकाने फोटोही पाठवला. मी सुट्टीवर आलो तोवर बॅजवर फोडच फोड. नखाने टोकरलं की क्रोमचा पापुद्रा सुटायचा, खाली पांढरी भुकटी. बंपरवर गंजाची पुरळ. भावोजी म्हणाले, "मोरजीची हवाच खारी, त्याला कोण काय करणार?"

आता डिकीवरचा बॅज बघा. तो राहिला, कारण तिथे पोचेपर्यंत ॲसिड संपलं. वारा तोच, मीठ तेच, पाऊस तोच, आणि तो बॅज आजही धड आहे. यावर भावोजींचं उत्तर असं की पुढच्या बाजूला वारा जास्त लागतो. गाडी नाक भिंतीकडे करून उभी असते हो!

शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतातच. खरी राखण करतो तो खालचा निकेलचा थर. लाद्यांचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते क्रोम विरघळवतं, आत झिरपतं, आणि जुने बॅज बऱ्याचदा ओतीव जस्ताचे, ते जस्त तर बघता बघता खातं. वरून कितीही पाणी ओता, आत गेलेलं क्लोराइड सहज निघत नाही. जहाजाच्या बुडाला आम्ही जस्ताचे ठोकळे लावतो ते खाऱ्या पाण्यात आधी त्यांनी झिजावं आणि पोलाद वाचावं म्हणून. बॅजमध्येही आधी जस्तच जातं, फक्त तिथे जस्त म्हणजेच बॅज.

तुमच्या पट्टीवर लाल ठिपके आहेत म्हणजे खाली पोलाद आहे. ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, मग वॅक्स. पट्टी निघत असेल तर काढून मागची बाजू बघाच. क्लिपांच्या भोकांशी माती साचते आणि तिथून पत्राच कुजायला लागतो. बॅजवरचे पांढरे फोड घासून जाणार नाहीत, फोड गेला की खड्डा उरेल. पुन्हा क्रोम करायचा तर खड्डे तांब्याने भरून, वर निकेल, वर क्रोम, असं काम करणारा माणूस शोधा. बॅज जस्ताचा आहे हे त्याला आधीच बजावा, नाहीतर तोही पोलादी बंपरांबरोबर ॲसिडच्या टाकीत बुडवेल. म्हणजे आणखी एक भावोजी.

खारा वारा अगदी निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. त्यावर इलाज गोडं पाणी, तेही वरचेवर. पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री गच्च आवळून ठेवू नका, आत दमट राहून जास्त नुकसान होतं.

हां, हे सगळं जुन्या गाड्यांचं. हल्लीच्या गाड्यांचे बॅज बहुतेक प्लास्टिकचे, वर क्रोमचा मुलामा. त्यांना फॉइल वगैरे लावू नका, खराब झाला तर सरळ नवा आणून चिकटवा. भावोजींच्या नव्या गाडीचा तसलाच आहे. तो मात्र ते शाम्पूने धुतात, मऊ फडक्याने पुसतात. तिथे ॲसिड का चालत नाही, हे मी त्यांना दर चवथीला विचारतो.