फीडबॅक फॉर्मवर सगळे ‘उत्तम’ लिहितात, तरी मुलं कोर्स सोडतात. काय करावं?

प्रश्न असा आहे: नाशिकच्या अंबडला सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कापणारी मशीन) ऑपरेटरचा तीन महिन्यांचा कोर्स चालवतो. बॅच वीस जणांची. शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म भरून घेतो, सरासरी पाचपैकी चारच्या वरच येते. तरी दर बॅचला काही मुलं मधेच सोडतात आणि कंपन्या म्हणतात, मुलाला सेटिंग (काम सुरू करण्याआधी जॉब आणि टूल लावून मशीनला मापं देणं) येत नाही. फीडबॅक घेण्यात काही चुकतंय का?

उत्तर:

हो, वेळ चुकतेय आणि प्रश्नही.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट हातात पडायचं असतं, सर समोर उभे असतात, चहा-समोसे आलेले असतात. अशा वेळी वाकडं कोण लिहिणार? जर्मनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गटांना वर्गात चॉकलेट बिस्किटं ठेवली, बाकीच्यांना नाही. बिस्किटवाल्या गटांनी शिक्षकालाच नव्हे, अभ्याससाहित्यालाही जास्त गुण दिले. शिवाय शेवटच्या दिवशी सांगितलेल्या गोष्टीचा सांगणाऱ्याला काहीच फायदा नसतो, आणि हे मुलांना बरोबर कळतं.

म्हणून पहिला फीडबॅक दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घ्या, मग दर आठवड्याला. पाच मिनिटं, तीन प्रश्न, बस्स. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) सर्वेक्षणाचा वीस-एकवीस प्रश्नांचा नमुना पुष्कळ जण जसाच्या तसा उचलतात. तो कॉलेजसाठी आहे, तीन महिन्यांच्या कोर्सला त्याचं ओझं होतं आणि दहाव्या प्रश्नानंतर मुलं एकाच रांगेत खुणा करत सुटतात.

आता प्रश्नांकडे येतो, कारण खरी मेख तिथेच आहे. ‘प्रॅक्टिकल पुरेसं वाटलं का?’ हे मत झालं. त्याऐवजी घडलेलं विचारा: ‘या आठवड्यात मशीनच्या पॅनलवर तुम्ही स्वतः किती मिनिटं काम केलं?’ हिशेब करून बघा. एक व्हीएमसी, वीस मुलं, दोन तासांचं प्रॅक्टिकल, म्हणजे माणशी सहा मिनिटं. त्यातही दोन-तीन हुशार मुलं पॅनल सोडत नाहीत, त्यामुळे काहींच्या वाट्याला शून्य येतं. ‘प्रॅक्टिकल कसं होतं’ या प्रश्नाला तेच मूल ‘छान’ लिहितं, कारण बघायला मजा आलेली असते. हा आकडा मुलांनी चिठ्ठीवर लिहिला की वेळापत्रक कुठे मोडतंय ते लगेच दिसतं. उपायही त्यातूनच निघतो: पाच-पाचचे चार गट, एक गट मशीनवर, एक सिम्युलेटरवर, एक मायक्रोमीटर-व्हर्नियर या मोजमापाच्या साधनांवर आणि एक ड्रॉइंग वाचायला, दर अर्ध्या तासाने बदल. मशीनजवळच्या पाच जणांत प्रत्येकाच्या नावाने सहा मिनिटं लावून ठेवायची. सरासरी तीच राहते, पण शून्यावर कोणी राहत नाही आणि उरलेला दीड तास बघ्याची भूमिका करण्यात जात नाही.

दुसरा प्रश्न कामाच्या पायरीचा हवा. समजा वर्क ऑफसेट, म्हणजे जॉबचा (ज्यावर काम करायचं त्या तुकड्याचा) शून्यबिंदू मशीनला सांगणं, शिकवून झाला. ‘समजलं का?’ असं विचारू नका. असं विचारा: ‘कुठल्या पायरीला दुसऱ्याला विचारावं लागलं?’ आणि खाली पर्याय द्या: जॉब वाईसमध्ये (पकडीत) बांधणं, एज फाइंडरने (जॉबची कड शोधायची गोल दांडी) एक्स-वाय घेणं, टूल लेंग्थ घेणं, जी-५४ मध्ये (ऑफसेटच्या किमती ठेवायची मशीनमधली जागा) किंमत भरणं. निम्म्याहून जास्त खुणा एज फाइंडरवर आल्या तर तेवढा तुकडा पुन्हा घ्या, अख्खा धडा नको.

पण नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका. चिठ्ठीशेजारी त्या मुलांनी केलेला जॉब ठेवा. एज फाइंडरवर कोणीच खूण केली नाही, पण अनेकांचं भोक कडेपासून पाच मिलिमीटरने सरकलंय आणि एज फाइंडर दहा मिलिमीटर व्यासाचा आहे, तर त्रिज्या धरायचीच राहिलीय. मुलांना आपण चुकतोय हेही ठाऊक नाही. ‘समजलं’ आणि ‘जॉब चुकला’ ही जोडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘अवघड गेलं’ पण जॉब बरोबर, तिथे काही बदलू नका. हार्वर्डमधला भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी स्वतः गणितं सोडवत शिकलं त्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, पण चाचणीत ते व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा पुढे होते. मुलांना सोपं वाटावं म्हणून सेटिंगचा सराव कमी केलात तर फॉर्मवरचे गुण वाढतील आणि कंपनीची तक्रारही वाढेल.

तिसरा प्रश्न मोकळा ठेवा: ‘पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती?’ ‘काही सूचना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येतं.

एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका. ‘सर वेळेवर येतात आणि नीट समजावतात का?’ याला ‘नाही’ आलं तर नक्की काय बिघडलंय? भाषा सोपी मराठी ठेवा, बॅचमध्ये उत्तरेकडची मुलं असतील तर तीच चिठ्ठी हिंदीतही द्या. ऑफसेट, टूल, वाईस हे शब्द मात्र तसेच राहू द्यात.

नाव न लिहिण्याची मुभा खरी असायला हवी. वीस जणांत अक्षर ओळखू येतं, म्हणून खुणांचे प्रश्न जास्त ठेवा. चिठ्ठ्या भरताना शिकवणाऱ्याने खोलीबाहेर जावं, एका मुलानेच त्या पाकिटात गोळा कराव्यात. गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद करा. ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादाही लावू नका, कारण ती लावली की खात्यात साइन-इन करावं लागतं आणि मुलांना वाटतं नाव कळणार.

सरासरीवर तर अजिबात जाऊ नका. अठरा जणांनी चार आणि दोघांनी पाच दिले की सरासरी ४.१ येते. चौदा जणांनी पाच आणि सहा जणांनी दोन दिले तरी ४.१ च. दुसऱ्या बॅचमध्ये सहा मुलं बुडतायत आणि तुमच्या वहीत दोन्ही बॅचेस सारख्याच दिसतात. प्रत्येक गुण किती जणांनी दिला तेवढं मोजा.

सोमवारी वर्ग सुरू होताना तीन मिनिटं याला द्या: तुम्ही हे सांगितलंत, आम्ही हे बदललं, हे बदलता येणार नाही आणि का. सरकारी मान्यतेचा कोर्स असेल तर विषय आणि तास ठरलेले असतात, ते स्पष्ट सांगा. पण क्रम, गट, उदाहरणं तुमच्याच हातात असतात. हे तीन मिनिटांचं काम टाळलं की थोड्याच आठवड्यांत कोऱ्या चिठ्ठ्या यायला लागतात. एका वेळी एकच मोठा बदल करा आणि तारखेसह वहीत लिहा, नाहीतर फरक कशाने पडला ते पुढच्या बॅचला सांगता येणार नाही. एखाद्याच चिठ्ठीवरून कोर्स हलवू नका. अपवाद सुरक्षेचा. ‘दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) काढून मशीन चालवलं’ अशी एक जरी चिठ्ठी आली तरी त्याच दिवशी मशीन थांबवून बघा.

सोडून गेलेल्यांचा आवाज तुमच्या फॉर्ममध्ये येतच नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्याकडे आहे. आठवड्याभरात, न शिकवणाऱ्या माणसाकडून फोन जाऊ द्या. ‘का सोडलं?’ विचारलं की मूल कानकोंडं होतं आणि ‘घरची अडचण’ सांगून मोकळं होतं. ‘शेवटचे दोन-तीन दिवस काय काय झालं?’ असं विचारा. मग कळतं की संध्याकाळची बॅच सुटल्यावर बस मिळत नव्हती, किंवा शिफ्ट बदलली. दिंडोरी-निफाडकडची मुलं ऑक्टोबरच्या छाटणीला किंवा फेब्रुवारी-मार्चच्या द्राक्षतोडणीला घरी लागतात. त्यात शिकवण्याचा दोष नाही, बॅचची तारीख चुकलीय.

कंपन्यांकडूनही ‘मुलगा कसा आहे?’ असं ऐकू नका. तीन महिन्यांनी एचआरला नाही, लाइनवरच्या सुपरवायझरला फोन करा आणि विचारा: ‘पहिल्या महिन्यात कशासाठी तुम्हाला त्याच्या मशीनपाशी जावं लागलं?’ टूल बदलल्यावर ऑफसेट घेता येत नव्हता, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) झिजल्याचं ओळखलं नाही, रीडिंग चुकीचं लिहिलं, अशी थेट उत्तरं येतात. दोन-तीन कंपन्यांतून तीच गोष्ट आली की ती पुढच्या बॅचच्या आठवड्याच्या चिठ्ठीत पर्याय म्हणून घाला आणि प्रॅक्टिकल परीक्षेतही, तीही पहिल्या महिन्यातच.