किट घालणं सोपं, काढणं अवघड

प्रश्न: मी परळच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. साथीत पूर्ण किट (गाऊन, ग्लोव्हज, गॉगल, मास्क) घालूनही आमच्यातल्या काही जणींना लागण झाली. चुकतं कुठे?

उत्तर: बहुतेकदा किट काढताना. घामानं निथळत वॉर्डाबाहेर आलं की कधी एकदा हे अंगावरून उतरवते असं होतं, आणि तिथेच घात होतो. मी नव्या मुलींच्या ग्लोव्हजना ओली हळद फासते आणि किट काढायला सांगते. मग मनगटावर, मानेवर, चष्म्याच्या काडीवर पिवळे डाग दिसतात. प्रत्येक डाग म्हणजे विषाणू लागू शकतो ती जागा.

आधी ग्लोव्हज, मग गाऊन आतली बाजू बाहेर गुंडाळत, मग हात स्वच्छ करून गॉगल. एन-९५ मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, मागचे पट्टे धरून. पुढच्या भागाला हात नाही. पुन्हा हात धुवायचे, साबणानं ४० ते ६० सेकंद. समोर एकीला बघायला उभी करा.

दुसरी जागा चहाची खोली. खिडकी बंद, मास्क उतरवलेले, सहा जणी गुडघ्याला गुडघा लावून डबा खातायत. रुग्णापासून जपतो, मैत्रिणीपासून नाही. आळीपाळीनं जेवा.

प्रश्न: आई वॉर्डात कंत्राटी सफाई कामगार आहे. डॉक्टरांना एन-९५, तिला साधा मास्क. तिनं काय मागावं?

उत्तर: एन-९५च. साध्या मास्कच्या कडेनं, गालाजवळून हवा सरळ आत येते. हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाला तो मिळायलाच हवा. त्याबरोबर जाड रबरी हातमोजे आणि गमबूटही. कचऱ्याच्या पिशवीत चुकून पडलेली सुई टोचते ती आधी मावशींनाच. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला संरक्षक साधनं आणि हिपॅटायटिस-बी, धनुर्वाताची लस देणं २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रुग्णालयावर बंधनकारक आहे. कंत्राटी असल्याची सबब चालत नाही. मला याची फार चीड येते, कारण सगळ्यात उशिरा विचार होतो तो याच बायकांचा.

प्रश्न: भांडुपला माझा दहा बाय बाराचा दवाखाना आहे, एसी लावलेला. साथीत काय बदलू?

उत्तर: स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. खिडकी उघडा. रुग्णाच्या पाठीमागे एक्झॉस्ट लावा आणि तुमची खुर्ची हवा आत येते त्या बाजूला ठेवा. खोकणाऱ्याला दारातच मास्क द्या, बाहेर बसवा. गरोदर बायका, मधुमेहींना वेगळी वेळ द्या. मुंबईत क्षयरोगासाठी हे एरवीही करायलाच हवं.

प्रश्न: नातेवाईक अंगावर धावून आले तर कायदा आहे का?

उत्तर: आहे. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी झालेल्या १८९७च्या साथरोग कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरला. ३ महिने ते ५ वर्षे कैद, गंभीर इजा केल्यास ७ वर्षांपर्यंत. तक्रार जरूर करा. पण दोन-दोन दिवस आपल्या माणसाची खबर नसली की घरच्यांचा धीर सुटतो, हेही मी पाहिलंय. आमच्या वॉर्डात रोज संध्याकाळी एक सिस्टर फक्त फोन करायला बसायची. नवीन काही नसलं तरी सांगायची, "आज आजोबांनी पेज घेतली, अर्धी वाटी."