रविवारी अकराला कुठे जावं?

प्रश्न : सासू-सासरे रविवारी मुंबईत येताहेत. नाश्ता-जेवण एकत्रच उरकायचंय, पण हॉटेलातला महागडा बुफे नको. कुठे नेऊ?

उत्तर : ताई, माटुंग्याला न्या. किंग्ज सर्कलच्या कॅफे मद्रासमध्ये रसम वडा आणि लोणी-पोडी (म्हणजे डाळ-मिरचीची चटणीपूड) इडली मागवाच. वर फिल्टर कॉफी. रविवारी रांग लागते, म्हणून पोचल्याबरोबर आधी नाव लिहा आणि ज्येष्ठांना सावलीत बसवा. टेबल अनोळखी माणसांसोबत वाटून घ्यावं लागलं तर घ्या, मला तर ते फार आवडतं! सासऱ्यांना अंडं चालत असेल तर मात्र मी धोबीतलावचं कयानी सुचवीन. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. तिथली अकुरी (पारशी पद्धतीची मसालेदार अंडाभुर्जी), ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव) आणि चहा. घाई अजिबात करू नका.