वाचक विचारतात : छावणीतले ताप आणि अमेरिकेतल्या माजी सैनिकांचे हक्क

प्रश्न : अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी राजधानीत नसून अटलांटाला का आहे?

उत्तर : हिवतापामुळे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकी प्रशिक्षणाच्या कितीतरी छावण्या दक्षिणेकडच्या राज्यांत होत्या आणि हिवतापाचं ठाणंही तिथेच होतं. छावण्या आणि युद्धसाहित्याच्या कारखान्यांभोवतीच्या डासांचा बंदोबस्त करायला १९४२ मध्ये एक सरकारी विभाग उघडला, तो कामाच्या जवळ म्हणून अटलांटात. युद्ध संपल्यावर त्यातूनच १ जुलै १९४६ रोजी सीडीसी उभी राहिली.

आधी चर खणून पाणी काढणं आणि डबक्यांवर तेल सोडणं यावर भर होता, पुढे डीडीटी ही कीटकनाशक पावडर आली. ती फवारायची घराच्या आतल्या भिंतींवर, कारण रक्त पिऊन जड झालेली मादी लांब उडत नाही, जवळच्या भिंतीवर टेकते. तिथे औषधाचा थर असला की ती मरते आणि तिच्या पोटातला जंतू पुढच्या माणसापर्यंत पोचत नाही. १९४७ पासून १३ राज्यांत ही मोहीम चालली. १९४९ अखेर ४६ लाखांहून जास्त फवारण्या झाल्या आणि १९५१ मध्ये हिवताप देशातून हटल्याचं मानलं गेलं. मात्र सगळं श्रेय डीडीटीला देऊ नये. दलदली उपसल्यामुळे आणि दारं-खिडक्यांना जाळ्या बसल्यामुळे रोग आधीच ओसरू लागला होता.

प्रश्न : देवीची लस १७९६ ची. मग १७७७ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने सैन्याला काय टोचलं?

उत्तर : देवीच्या रोग्याच्या फोडातला पू. दंडावर बारीक चीर देऊन तो आत घालायचे. रोग येई, पण बहुधा सौम्य. धोका वेगळाच होता : टोचलेला माणूस दुसऱ्याला खरीखुरी देवी देऊ शकत असे. म्हणून तुकड्या आळीपाळीने टोचून काही आठवडे वेगळ्या ठेवाव्या लागत. एवढं सैन्य अंथरुणाला खिळल्याचं शत्रूला कळू नये, ही काळजी वेगळीच.

प्रश्न : लढाईपेक्षा रोगांनीच जास्त सैनिक मेले, हे खरं आहे का?

उत्तर : एकोणिसाव्या शतकात, हो. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) दर तीन मृत्यूंपैकी साधारण दोन रोगांमुळे झाले. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात लढाईत ४०० हूनही कमी अमेरिकन सैनिक पडले, रोगांनी मात्र त्याच्या कितीतरी पट नेले, तेही बरेचसे मायदेशातल्या छावण्यांत, विषमज्वराने (टायफॉइडने). सैन्यातले डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या समितीने कारण शोधलं. संडासाच्या उघड्या चरांत चुना टाकलेला असे, आणि भोजनाच्या तंबूत अन्नावर बसलेल्या माश्यांचे पाय त्याच चुन्याने पांढरे झालेले दिसत. दोष फक्त पाण्याचा नव्हता, माश्या आणि न धुतलेले हातही तितकेच कारणीभूत होते. त्यातच पुष्कळ डॉक्टर विषमज्वराची नोंद हिवताप म्हणून करत, त्यामुळे रोगी वेगळे काढलेच जात नसत. १९११ मध्ये सैन्यात विषमज्वराची लस सक्तीची झाली.

प्रश्न : आजार सैन्यातल्या नोकरीमुळेच झाला, हे भरपाईसाठी अमेरिकेतल्या माजी सैनिकाने कसं सिद्ध करायचं?

उत्तर : तीन गोष्टी लागतात : आजाराचं सध्याचं निदान, सेवाकाळातली घटना किंवा संपर्क, आणि या दोहोंना जोडणारं वैद्यकीय मत. घोडं अडतं ते तिसऱ्यावर.

ही अडचण जुनी आहे. १८६२ च्या कायद्याने पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर मिळत, सेवेत जडलेल्या रोगासाठीही. पण छावणीत लागलेली हगवण वर्षानुवर्षं पिच्छा पुरवत असली आणि दवाखान्याच्या वहीत तिची नोंद नसली, तर अधिकाऱ्यांची किंवा सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करत फिरावं लागे. पहिल्या महायुद्धानंतर क्षयाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. क्षयाचा जंतू शरीरात दबा धरून राहतो, तो कुठे शिरला हे कोण सांगणार? १९२१ च्या कायद्याने सेवामुक्तीनंतर दोन वर्षांत दिसलेला क्षय सेवेतलाच मानला. माझ्या मते माजी सैनिकांच्या बाबतीतला हा सर्वांत न्याय्य निर्णय. १९९१ मध्ये व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकासाठी आणि २०२२ च्या पॅक्ट कायद्यात सैन्याच्या तळांवर उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांतल्या धुरासाठी हेच तत्त्व लावलं.

पण यात फक्त तिसरा पुरावा माफ होतो. आजार यादीतला हवा, निदान हवंच, आणि ठरलेल्या काळात ठरलेल्या जागी सेवा केल्याचंही दाखवावं लागतं. त्यासाठी डीडी-२१४ हे सेवामुक्तीचं कागदपत्र जपून ठेवावं.

अपंगत्वाच्या टक्केवारीतही गफलत होते. ५० आणि ३० टक्क्यांची दोन अपंगत्वं मिळून ८० होत नाहीत. पहिल्यानंतर ५० टक्के धडधाकट उरतो, त्याचे ३० टक्के म्हणजे १५. एकूण ६५, जवळच्या दहात ७०. आणि कागद जमायला वेळ लागणार असेल, तर दावा करण्याचा इरादा आधी नोंदवून ठेवावा. वर्षभरात पूर्ण अर्ज केला आणि तो मंजूर झाला, तर भरपाई साधारणपणे त्या नोंदीच्या तारखेपासून धरली जाते.